त्रेचाळीसातून अठ्ठावीस गेले तर?

आम्ही बिबवेवाडीहून बोलतोय. पुणे शहराच्या दक्षिणेला, मार्केट यार्डाच्या जवळ आमची वस्ती. गटातल्या बऱ्याच जणी गावाकडूनच इथं आलेल्या, त्यामुळे तुमच्याशी बोलताना परकं वाटत नाही. आजचा विषय आहे शाळेतलं गणित. नाव ऐकून लगेच रेडिओ बंद करू नका बरं का, आमच्यातही गणित म्हटलं की उठून चहा ठेवायला जाणाऱ्या पुष्कळ आहेत.

झालं असं, की गटातल्या एका मावशींची नात तिसरीत आहे. तिच्या वहीत ४३ वजा २८ असं गणित होतं. पोरीनं उत्तर लिहिलं होतं २५. त्यावर लाल फुली. मावशी नुसत्या ऐकून म्हणाल्या, "अगं, पंधरा की!" मावशी भाजी विकतात, शाळा दुसरीतच सुटली. आम्ही विचारलं, कसं काढलंत? त्या म्हणाल्या, "अठ्ठावीसाला दोन दिले की तीस. तिसाचे चाळीस व्हायला दहा. वर तीन. दोन, दहा आन् तीन, झाले पंधरा." आणि लगेच ओशाळून म्हणाल्या, "पण हे काय शाळेतलं गणित नव्हं. हे आपलं बाजारातलं."

आम्हाला सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य. कारण मावशींनी केलं ते अस्सल गणित आहे, आणि पहिली-दुसरी-तिसरीच्या बाईंनी मुलांना असंच विचार करायला शिकवावं, अशी आता सरकारची अपेक्षा आहे.

२०२० साली नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं. त्यानंतर ५ जुलै २०२१ ला 'निपुण भारत' अभियान सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हा त्याचा हेतू, आणि त्यासाठी २०२६-२७ ची मुदत. कुठल्या इयत्तेत काय यायला हवं तेही ठरवलेलं आहे. पहिलीत ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, दुसरीत ९९९ पर्यंत, तिसरीत ९९९९ पर्यंत आणि सोपे गुणाकार. हे आकडे लक्षात ठेवा, घरी पोराची वही उघडल्यावर उपयोगी पडतील. पण आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट अशी, की उत्तर बरोबर आलं एवढ्यावर आता भागत नाही. ते कसं काढलं, हे मुलाला सांगता आलं पाहिजे.

इथंच शिक्षकांची खरी अडचण आहे. आपल्या बाई आणि गुरुजी स्वतः कसे शिकले? आपल्यासारखेच. पाढे घोका, खालून आठ जात नाहीत, शेजारून हातचा घ्या, चाराचा तीन करा. का? तसंच करायचं असतं म्हणून. ज्यांना कधी कुणी 'का' विचारलं नाही, त्यांनी आता चाळीस पोरांना 'का' विचारायचं. हे नुसता कागद पाठवून कसं होईल? त्यासाठी प्रशिक्षण लागतं.

आमच्या ओळखीच्या एक बाई अशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या. त्या म्हणाल्या, पूर्वी काही ठिकाणी दिवसभर भाषण, चहा, सही, की सुटका. यावेळी त्यांना जमिनीवर मुलांसारखं बसवलं आणि समोर एक चुकलेली वही ठेवली. प्रश्न असा, की या मुलाचं काय चुकलं ते सांगू नका, त्याला काय येतं ते सांगा. बाई म्हणाल्या, पहिली दहा मिनिटं कोणी बोललंच नाही.

तीच नजर आपल्या नातीच्या वहीवर लावून बघा. तिला आठातून तीन काढता येतात, पाच बरोबर आहेत. चारातून दोन काढता येतात, तेही बरोबर. 'लहान मोठ्यातून काढायचं' हा धडा तिनं नेमका पाळला. चुकलं ते एवढंच, की ४३ ही अख्खी संख्या तिला दिसली नाही, ४ आणि ३ असे सुटे दोन अंक दिसले. फुली मारून हे कळत नाही. "कसं केलंस गं?" असं विचारलं तर कळतं.

मग समजवायचं कसं? काड्यांनी. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधायच्या. चार जुड्या आणि तीन सुट्या काड्या म्हणजे त्रेचाळीस. आता अठ्ठावीस काड्या द्यायच्यात. सुट्या तीनच आहेत, आठ कुठून देणार? एक जुडी सोडायची. आता तीन जुड्या आणि तेरा सुट्या. तेरातून आठ दिल्या, पाच उरल्या. दोन जुड्या दिल्या, एक उरली. पंधरा. आपण जन्मभर म्हणत आलो तो 'हातचा' म्हणजे ही सोडलेली जुडी. खरं सांगतो, आमच्यातल्या दोघींना हे चाळिशीनंतर पहिल्यांदा कळलं. शंभर मण्यांच्या माळेनंही असंच शिकवतात. काही शाळांत गणिताची पेटी आलेली असते, कुलूप लावून ठेवली नसेल तर बघायला मागा.

मोठ्या माणसांना मात्र असं काही नवं पटकन पचत नाही. २०१९ सालचा गोंधळ आठवतो का? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' असं वाचन दिलं होतं. केवढा गहजब झाला! विधानसभेपर्यंत विषय गेला, मोबाइलवर विनोद फिरले. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. त्यांनी समजावून सांगितलं, की जुनी नावं काढलेली नाहीत, सोबत एक सोपी वाट दिली आहे. कारण मराठीत आपण बोलताना एकक आधी म्हणतो. 'त्रेसष्ट' ऐकलं की मुलाच्या कानावर आधी तीन येतात, मग साठ, आणि ते ३६ लिहून मोकळं होतं. कानडीत तसं नाही, तिथं आधी वीस आणि मग एक. आमचं म्हणाल तर 'साठ तीन' अजूनही कानाला खटकतं, आणि आपली त्रेसष्ट-चौसष्ट मुलांनी विसरू नयेत असंच वाटतं. पण अडखळणाऱ्या पोराला मध्ये एक पायरी दिली तर बिघडलं काय? तेव्हा सगळे शब्दावर भांडले. वर्गात बाईंनी ती पायरी कशी वापरायची, हे बोलणं आमच्या कानावर तरी आलं नाही.

तुमच्या गावच्या शाळेत व्यवस्थापन समिती असेल. शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. म्हणजे तुम्हीच. बैठकीत पोषण आहाराचं आणि भिंतीचं बोलून झालं, की एकदा विचारा: बाई, गणिताचं प्रशिक्षण झालं का? त्यातलं काय वर्गात करून पाहिलंत? प्रशिक्षणासाठी बाई दोन दिवस शाळेत नसल्या तर कुरकुर करू नका, पण परत आल्यावर हे विचारायला लाजूही नका.

आमच्या मावशींचं काय झालं? आम्ही तो हिशोब त्या ओळखीच्या बाईंना सांगितला, आणि त्यांनी मावशींना वर्गात बोलावलं. मावशी आधी नको नको म्हणत होत्या. मग मेथीच्या चार जुड्याच घेऊन गेल्या, प्रत्येकीत मोजून दहा काड्या. वर तीन सुट्या. पोरं भोवती गोळा झाली. मावशींनी विचारलं, "मला अठ्ठावीस काड्या द्या बरं." एक मुलगा म्हणाला, "आजी, जुडी सोडावी लागंल."

"मग सोड की," मावशी म्हणाल्या.