पासवर्ड बदलला, मेल तरी बाहेर जातेच आहे

"पासवर्ड बदलून टाकला, आता काळजी नाही." ईमेल खात्यात कुणी शिरल्याचं लक्षात आलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. कारखान्याचा मालक म्हणतो, हिशेब लिहिणारा म्हणतो. वैताग याचा की, ज्याच्याकडे मेल सर्व्हर सांभाळायला दिलेला असतो तोही हेच सांगून फोन ठेवतो. पुढे केव्हातरी परदेशातल्या ग्राहकाचा निरोप येतो: तुमच्या नव्या बँक खात्यात पैसे भरले, माल कधी निघतोय? नवं खातं कुणी उघडलेलंच नसतं. मग चोरानं नवा पासवर्डही फोडला, अशी चर्चा सुरू होते. मुंबई-पुण्याच्या सायबर पोलिसांच्या भाषेत हा 'मॅन इन द मिडल' प्रकार. आयात-निर्यात करणारे कितीतरी व्यापारी त्याच्या तक्रारी घेऊन त्यांच्याकडे येत असतात.

त्या चोराला बहुतेक वेळा नव्या पासवर्डची गरजच पडलेली नसते.

पहिल्यांदा आत शिरला तेव्हाच त्यानं एक छोटं काम उरकून घेतलेलं असतं. सेटिंग्जमध्ये जाऊन त्यानं नियम लावलेला असतो की 'इनव्हॉइस' शब्द असलेली प्रत्येक मेल अमुक पत्त्यावर पाठवायची. हा नियम सर्व्हरवर राहतो आणि मेल येऊन पडते त्या क्षणी सर्व्हर स्वतःच तो पाळतो. त्यासाठी कुणाला लॉग-इन करावं लागत नाही. पासवर्ड विचारला जातो तो पेटी उघडून वाचणाऱ्याला. येणारी मेल पेटीत टाकणाऱ्या प्रोग्रॅमला तो कुणीच विचारत नाही. विचारला असता तर मालक झोपलेला असताना एकही मेल पोहोचली नसती. घराचं कुलूप बदललं म्हणून 'माझं टपाल अमुक पत्त्यावर पाठवा' हा पोस्टात दिलेला अर्ज रद्द होतो का? इतकी साधी गोष्ट आहे, आणि तरीही ती पुन्हापुन्हा सांगावी लागते.

स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांनी हे डोळ्यांनी बघावं. लिनक्स सर्व्हरवर डव्हकॉट हा मेल सर्व्हर प्रोग्रॅम वापरत असाल तर असे नियम बहुतेक वेळा सीव्ह नावाच्या भाषेत लिहिलेले असतात. चार-पाच ओळींची साधी मजकुराची फाइल, वापरणाऱ्याच्याच फोल्डरमध्ये. पासवर्डची नोंद वेगळ्या ठिकाणी असते. एक बदलल्यानं दुसरीला धक्काही लागत नाही. जीमेल किंवा आउटलुकमध्ये ही फाइल दिसत नाही, पण फिल्टर आणि रूल यांचं वागणं तेच.

कुणाला ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर अमेरिकेच्या एफबीआयनं नोव्हेंबर २०२० मध्ये उद्योगांना दिलेला इशारा वाचावा. तो याच विषयावर होता. त्यात ऑगस्ट २०२० मधली उदाहरणं आहेत. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या वेबमेलमध्ये चोरांनी ऑटो-फॉरवर्डचे नियम लावले, पुढे एका परदेशी पुरवठादाराचं सोंग घेतलं आणि १ लाख ७५ हजार डॉलर घेऊन गेले. दुसऱ्या, उत्पादन क्षेत्रातल्या कंपनीच्या खात्यात तीन नियम सापडले. त्यातला पहिला 'बँक', 'पेमेंट', 'इनव्हॉइस', 'वायर', 'चेक' असे इंग्रजी शब्द असलेली मेल परस्पर बाहेर पाठवत होता. अशा फसवणुकीत २०१९ या एका वर्षात १.७ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम गेल्याचं तोच इशारा सांगतो.

त्याच कागदात आणखी एक मुद्दा आहे, आणि आपल्याकडच्या ऑफिसांना तो चपखल लागू पडतो. वेबमेलमध्ये लावलेला नियम टेबलावरच्या संगणकातल्या मेल प्रोग्रॅममध्ये दिसेलच असं नाही, कारण दोन्हींचे नियम अनेकदा एकमेकांशी जुळवून घेतले जात नाहीत. म्हणजे मालक रोज आउटलुक उघडतो, रूल्सची यादीही तपासतो, यादी स्वच्छ असते. नियम बसलेला असतो ब्राउझरमधून उघडणाऱ्या वेबमेलमध्ये, आणि तिथे खातं उघडलं त्या दिवसानंतर कुणी फिरकलेलं नसतं.

आता यात आपोआप डिलीट करण्याची सोय मिसळा. जून २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा विभागानं अशाच एका मोठ्या टोळीच्या कामाचं वर्णन प्रसिद्ध केलं. तिथंही 'इनव्हॉइस', 'पेमेंट', 'स्टेटमेंट' हे शब्द हेरणारे नियम होते. जोडीला दुसरा नियम होता: बाहेर पाठवलेल्या मेल खात्यातून पुसून टाक. खातेदाराला मागमूसही राहत नाही. ग्राहकानं 'नवा खाते क्रमांक खरा आहे ना?' असं विचारलं तरी तो प्रश्न इनबॉक्समध्ये दिसण्याआधीच नाहीसा झालेला असतो. मालक म्हणतो ग्राहकानं विचारलं नाही, ग्राहक म्हणतो विचारलं होतं. दोघंही खरं बोलत असतात.

मग पासवर्ड बदलू नये का? अवश्य बदलावा. पण तेवढ्यावर उठू नये. फॉरवर्डिंगचा पत्ता, सगळे फिल्टर, खातं वापरण्याची परवानगी दिलेले इतर लोक, जोडलेली ॲप्स, पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला फोन आणि ईमेल, हे सगळं त्याच बैठकीत बघायचं असतं. परका नियम सापडला की संतापून लगेच उडवू नका. आधी त्याचा फोटो घ्या, त्यातला पत्ता लिहून ठेवा, कारण पुरावा म्हणतात तो हाच. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. सर्व्हर चालवणाऱ्याकडे लॉगही मागा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत.

जीमेल फॉरवर्डिंग सुरू करण्याआधी नव्या पत्त्यावर कोड पाठवून खात्री करून घेतं, त्याचा अनेकांना फार आधार वाटतो. तो पत्ताच चोराचा असतो. कोड त्यालाच मिळतो. त्या मानानं मायक्रोसॉफ्ट ३६५ नं ठेवलेली डीफॉल्ट सेटिंग कामाची आहे: संस्थेबाहेर आपोआप जाणारी मेल अडवली जाते आणि ५.७.५२० क्रमांकाचा नकार परत येतो. ॲडमिन मंडळी तो नकार बघून वैतागतात आणि सगळ्यांसाठीच दार उघडून देतात, हा भाग वेगळा.

याच गैरसमजाचं दुसरं रूप नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या बाबतीत दिसतं. 'त्याचं खातंच काढून टाकलं' म्हणजे विषय मिटला असं समजलं जातं. आपल्याकडे छोट्या कंपन्यांच्या डोमेनवरची मेल बऱ्याचदा सीपॅनेलवर चालते, आणि तिथे पेटी वेगळी, फॉरवर्डर वेगळा. पेटी काढली तरी फॉरवर्डर यादीत तसाच राहतो. गेलेल्या माणसाच्या खासगी जीमेलवर कंपनीची दरपत्रकं जात राहतात, तीही कुठलीही चोरी न करता. एक्स्चेंज सर्व्हरवरच्या ट्रान्सपोर्ट रूलनाही हेच लागू.

बाकीचे गैरसमज इतके महागात पडत नाहीत, पण ऐकावे लागतातच.

'फॉरवर्ड केलं की मूळ प्रत राहतेच.' राहीलच असं नाही. सीव्हमध्ये नुसतं 'रीडायरेक्ट' लिहिलं तर मेल पुढे जाते आणि पेटीत काही उरत नाही. प्रत ठेवायची तर 'कॉपी' हा जोडशब्द मुद्दाम लिहावा लागतो. जीमेलमध्ये प्रत ठेवायची की डिलीट करायची, हे निवडता येतं. लावण्याच्या घाईत ती निवड कुणी वाचत नाही.

'फॉरवर्डिंगनं सगळंच पुढे जातं.' जीमेल स्पॅम पुढे पाठवत नाही आणि आधी आलेल्या जुन्या मेलही नाही.

'पाठवली म्हणजे पोहोचली.' इथं मात्र थोडं थांबायला हवं. बँकेची मेल तुमच्या डोमेनवर आली आणि तिथून जीमेलला गेली, तर जीमेलला दिसतो तुमचा सर्व्हर. बँकेच्या वतीनं मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरांच्या यादीत, म्हणजे एसपीएफ नोंदीत, तो नसतो. बँकेनं डीकेआयएमची डिजिटल सही केली असेल तर ती वाटेत टिकते आणि मेल वाचते. पण तुमच्याच सर्व्हरनं खाली 'ही मेल व्हायरससाठी तपासली आहे' अशी ओळ चिकटवली की ती सही मोडते. मग अशा मेलचं काय करायचं हे सांगणाऱ्या बँकेच्या डीमार्क धोरणानुसार मेल स्पॅममध्ये जाते किंवा नाकारली जाते. पाठवणाऱ्याचा पत्ता नव्यानं लिहिणारी एसआरएस ही युक्ती एसपीएफची अडचण सोडवते, पण डीमार्कला ती पुरत नाही. ओटीपी आला नाही म्हणून बँकेला शिव्या देण्याआधी आपण चिकटवलेली ती ओळ काढून बघावी.

'फोनवर मेल आली, म्हणजे सर्व्हरवर आहेच.' पीओपी पद्धतीनं जोडलेला एकच जुना संगणक सगळ्या ऑफिसची मेल उतरवून सर्व्हरवरून पुसू शकतो. आउटलुकमध्ये पीओपी खात्याला १४ दिवसांनी सर्व्हरवरून काढण्याची खूण बरेचदा आधीच केलेली असते. मेल 'गायब' होण्याच्या तक्रारी आल्या की हॅकर शोधण्याआधी तो संगणक शोधावा.

'ट्रॅशमध्ये ठेवलंय, लागलं तर काढू.' जीमेल ते ३० दिवसांनी कायमचं काढतं.

याच्या अगदी उलट, 'डिलीट केलं म्हणजे संपलं' असं मानणारेही आहेत. आयमॅपमध्ये डिलीट म्हणजे आधी नुसती एक खूण. खरी सफाई 'एक्स्पंज' झाल्यावर होते. त्यानंतरही बॅकअप राहतो आणि समोरच्या माणसाची पेटी राहते. हिलरी क्लिंटन यांच्या खासगी सर्व्हरचं प्रकरण इथं आठवावं. डिसेंबर २०१४ मध्ये तांत्रिक माणसाला मेल ६० दिवसांनंतर आपोआप पुसली जाईल अशी सेटिंग करायला सांगितलं होतं. ते तो विसरला आणि मार्च २०१५ मध्ये आठवल्यावर त्यानं जुन्या मेल खास सॉफ्टवेअरनं पुसल्या. तरी एफबीआयला कामकाजाच्या काही हजार मेल सापडल्या, त्यातल्या काही ज्यांच्याशी पत्रव्यवहार झाला त्यांच्या सरकारी खात्यांत.

शेवटी 'सहा महिन्यांपेक्षा जुनं सगळं आपोआप उडव' ही आवडती सूचना. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायची असतात, आणि कित्येक दुकानदारांकडे खरेदीचं बिल फक्त मेलमध्ये असतं. हिशेबाच्या मेल वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ते फोल्डर या नियमातून वगळायला पाच मिनिटं लागतात.

जुनं म्हणजे कुठल्या तारखेनं जुनं, हे तर कुणी विचारतच नाही. डव्हकॉटला तीन तारखा कळतात: पाठवणाऱ्यानं लिहिलेली, मेल सर्व्हरवर आली ती, आणि मेल त्या फोल्डरमध्ये ठेवली ती. पहिली तारीख पाठवणारा वाटेल ती घालू शकतो. दुसरी धरून '३० दिवसांहून जुनं ट्रॅश रिकामं कर' असं लिहिलं, तर चार वर्षांपूर्वीची मेल आज चुकून ट्रॅशमध्ये पडली की आज रात्रीच जाते. तिसरी धरली तर ती महिनाभर थांबते. डव्हकॉटची स्वतःची 'ऑटोएक्स्पंज' सोय तीच धरते. सर्व्हर बदलल्यावर मात्र ही तिसरी तारीख स्थलांतराच्या दिवसाची होऊन बसते. म्हणून ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमध्ये 'एक्स्पंज'ची आज्ञा टाकण्यापूर्वी तीच अट 'सर्च'ला देऊन यादी काढावी, आणि ती हिशेब लिहिणाऱ्याला दाखवावी.