कौशल्याचा तराजू कोणाच्या हाती?

तांदूळ आपण किलोत मोजतो, कापड मीटरात आणि दूध लिटरात. माणसाच्या हातातले कौशल्य कशात मोजायचे? एका सुताराची दुसऱ्या सुताराशी तुलना एक वेळ करता येईल. पण सुताराची आचाऱ्याशी कशी करणार? ‘जेणू काम तेणू थाय’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पगार ठरवणाऱ्याला मात्र असे मोकळे होता येत नाही. किमान वेतनाचे दर ठरतात तेव्हा अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी वर्गवारी होतेच. मोजमाप रोज चालू असते. त्यासाठी कोणते माप वापरले, एवढेच कोणी विचारत नाही.

इंग्लंडमध्ये ते एकदा विचारले गेले. लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेड येथे कॅमेल लेअर्ड ही जहाजबांधणीची गोदी. तिथल्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या एका तरुणीने दावा लावला, की माझे काम गोदीतल्या रंगाऱ्याच्या आणि सुताराच्या कामाच्या तोडीचे आहे, तेव्हा पगारही तेवढाच हवा. ऐकणाऱ्याला हसू यावे असा दावा! पण नेमलेल्या तज्ज्ञाने तो गंभीरपणे तपासला. अंगमेहनत, कामाच्या जागेचा त्रास, नियोजन व निर्णय, ज्ञान व कौशल्य आणि जबाबदारी या पाच अंगांनी त्याने प्रत्येक काम कमी, मध्यम की अधिक, असे जोखले. एका अंगात एक काम सरस, तर दुसऱ्यात दुसरे. एकंदर बेरीज मात्र सारखी आली. कंपनी म्हणाली, तिला फुकट जेवणासारख्या इतर सवलती आहेत. पण 1988 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला : पगाराची तुलना पगाराशीच करायची.

म्हणजे कौशल्य मोजता येते. पण माप लावणाऱ्याची नजर कशी आहे, यावर सारे अवलंबून. त्याच देशात, डॅगनहॅमच्या फोर्ड कारखान्यात मोटारींच्या आसनांची कव्हरे शिवणाऱ्या बायकांना खालच्या, म्हणजे ‘ब’ श्रेणीत टाकले होते. नोकरी मिळण्यापूर्वी त्यांना शिलाईयंत्रावर परीक्षा द्यावी लागे, तरीही! 1968 च्या जूनमध्ये 187 जणींनी संप केला आणि कव्हरांवाचून गाड्यांचे काम अडले. पगारात वाढ मिळाली. 1970 च्या समान वेतन कायद्यालाही या संपाने चालना दिली. मात्र ‘क’ श्रेणी मिळायला 1984 साल उजाडावे लागले. शिवण काय, बायकांना येतेच, हा समज कागदावरच्या गुणांपेक्षा चिवट निघाला.

आपल्याकडे काय? मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत स्त्री स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार होता. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कामातले किरकोळ फरक मोजत बसू नका, एकूण काम पाहा. पण आपला 1976 चा कायदा ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम’ एवढ्यापुरताच बोलत होता. 2019 च्या वेतन संहितेने कौशल्य, श्रम आणि जबाबदारी यांच्या जोडीला अनुभव हा शब्द घातला; चौकट मात्र तीच ठेवली. आचारीण आणि सुतार यांना एका तराजूत बसवायला तिथे जागा नाही.

बँकेतल्या नोकरीत मी पाहिले आहे, की मुरलेला रोखपाल नोटांची गड्डी मोजता मोजता मध्येच एखादी नोट बाजूला काढतो. डोळ्यांआधी ती बोटांना खटकलेली असते. ही बोटे तयार व्हायला वर्षे लागतात. पण त्याच्या पदनामात ती कुठे दिसत नाहीत. मग जी कामे घरातल्या कामांसारखी दिसतात, त्यांचे काय होत असेल? अंगणवाडी सेविका मुलांचे वजन घेते, नोंदी ठेवते, आहार पाहते, शिकवते. तिला मिळते ते ‘मानधन’. वेतन हा शब्दही नाही!

गुण देणारा माणूसच असतो, त्यामुळे हे माप कधी सोन्याच्या काट्यासारखे अचूक होणार नाही, हे खरे. पण म्हणून मोजूच नये, असे म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की जुने माप तोवर चालूच राहते. निदान कोणत्या अंगाला किती गुण दिले, हे उघड मांडावे आणि ते ठरवताना काम करणाराही समोर बसलेला असावा. घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचा पगार ठरवताना आपल्यालाही याची सुरुवात करता येईल. ‘त्यात काय एवढे?’ असे म्हणण्यापूर्वी एकदा स्वतः वीस पोळ्या लाटून पाहाव्यात.