सोन्याच्या दाढेला कल्हई

गेल्या संक्रांतीच्या सुमारास आमचे एक शिक्षक स्नेही रुमालाच्या गाठीत काहीतरी घेऊन प्रयोगशाळेत आले. गाठ सोडली तर आत त्यांच्या दाढेवरची सोन्याची कॅप. तिळाची वडी चावताना ती निघून आली होती. दंतवैद्यांकडे जाण्याआधी ते आमच्याकडे आले, कारण त्यांना एक प्रश्न पडला होता. शेजारच्या दाढेवर पांढऱ्या, स्वस्त धातूची कॅप आहे. दोन्ही कॅप एकाच डॉक्टरांनी, एकाच महिन्यात, एकाच सिमेंटने बसवल्या. मग महागडी निघाली आणि स्वस्तातली घट्ट राहिली, हे कसे?

आम्ही कॅप उलटी करून भिंगाखाली धरली. आतून ती लखलखीत होती, सिमेंटचा एक कणही तिला चिकटलेला नव्हता. म्हणजे सिमेंट सगळे दाढेवरच राहिले होते. तुटलेल्या जोडाची तपासणी नेहमी इथूनच सुरू होते. सिमेंट दातावरून सुटू शकते, धातूवरून सुटू शकते किंवा स्वतःच मधोमध फुटून दोन्हीकडे थोडे थोडे राहू शकते. येथे हार खाल्ली होती ती सोने आणि सिमेंट यांच्यातील जोडाने.

वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल, पण कॅप टिकण्यासाठी सिमेंट चिकटलेच पाहिजे असे नाही. झिंक ऑक्साइडची पूड आणि फॉस्फोरिक आम्ल कालवून केलेले झिंक फॉस्फेट सिमेंट दंतवैद्य शंभराहून अधिक वर्षे वापरत आले आहेत. रासायनिक अर्थाने ते ना दाताला चिकटते, ना धातूला. ते दोन्हीकडच्या खाचखळग्यांत शिरून घट्ट होते आणि कॅपला सरकू देत नाही, एवढेच. खरे काम असते आकाराचे. स्टीलचे पेले एकात एक घालून ठेवले की कधीकधी असे अडकतात की निघता निघत नाहीत. पसरट वाट्या मात्र कधीच अडकत नाहीत. पेल्याच्या भिंती जवळजवळ सरळ असतात, वाटीच्या तिरक्या, हा त्यातला फरक. दंतवैद्य दाढ घासून तिचा खुंट तयार करतात तेव्हा तो पेल्यासारखा व्हावा, वाटीसारखा नव्हे, अशी त्यांची खटपट असते. खुंट उंच आणि सरळ असेल तर न चिकटणारे सिमेंटही वर्षानुवर्षे पुरते. दाढ झिजून खुंट आखूड राहिला, की मात्र चिकटण्याचा प्रश्न उभा राहतो.

दाताला खरोखर चिकटणारे पहिले सिमेंट १९६८ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे डेनिस स्मिथ यांनी तयार केले. त्यांनी फॉस्फोरिक आम्लाच्या जागी पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल घेतले. या आम्लाच्या लांबलचक साखळीवर ठिकठिकाणी कार्बोक्सिल गट असतात. ते दातातील कॅल्शियमला धरून ठेवतात. हेच पॉलिकार्बोक्सिलेट सिमेंट आमच्या स्नेह्यांच्या दोन्ही दाढांवर वापरलेले होते. ते स्टेनलेस स्टीलला आणि निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूला धरते. सोन्याला मात्र फारसे धरत नाही.

असे का, हे समजण्यासाठी कल्हईवाल्याकडे जाऊ. तांब्यापितळेचे भांडे तापवून तो त्यावर नवसागर टाकतो. नवसागरामुळे धातूवरचा ऑक्साइडचा थर निघून जातो आणि उघड्या पडलेल्या स्वच्छ धातूवर कथील पसरते. कथिलाला ऑक्साइड नको असतो. दंतसिमेंटचे नेमके उलट आहे. त्याला ऑक्साइडच हवा असतो! निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूवर हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचे एक कवच आपोआप तयार होते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील दोन-चार भागांइतकीच त्याची जाडी असते. सिमेंटमधील आम्लगट हात मिळवतात ते या कवचाशी, आतल्या धातूशी नव्हे. सोने हा राजधातू. त्याला ऑक्सिजनशी देणेघेणे नाही, आणि त्याच गुणासाठी आपण त्याला डोक्यावर घेतो. सिमेंटला मात्र त्याच्यावर पकडायला काही सापडत नाही.

यावर शास्त्रज्ञांनी जे उपाय शोधले त्यांत जपानचा वाटा मोठा आहे. १९७८ साली ४-मेटा नावाचा आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत एमडीपी नावाचा रेणू तेथे पुढे आला. एमडीपीच्या एका टोकाला फॉस्फेटचा गट असतो, तो धातूच्या ऑक्साइडला धरतो. दुसरे टोक रेझिन सिमेंटच्या बहुलकात विणले जाते. दोघांमध्ये दहा कार्बन अणूंची साखळी असते. हा रेणू असलेले सिमेंट १९८३ साली बाजारात आले. पण त्यालाही ऑक्साइडच हवा, म्हणजे सोन्याचे कोडे कायमच! तेव्हा वीजप्रवाहाच्या साहाय्याने सोन्याच्या मिश्रधातूवर कथिलाचा अत्यंत पातळ मुलामा देण्याची युक्ती निघाली. कथिलावर ऑक्साइड येतो आणि सिमेंट त्याला धरते. सोन्याला कल्हई करण्याची पाळी यावी, हे आमच्या आजीला पटले नसते. पुढे याहून सोपा मार्ग मिळाला, तो गंधकाचा. घरातील चांदी काळवंडते ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे. सोने काळवंडत नाही, पण योग्य प्रकारच्या सेंद्रिय रेणूतील गंधकाला त्याच्या पृष्ठभागावरचे अणू घट्ट धरतात. असे रेणू असलेला द्रव कॅपच्या आतून लावला की रेझिन सिमेंट सोन्यालाही धरते.

यांपैकी काहीही करण्याआधी कॅपच्या आत अ‍ॅल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करतात. कण साधारण ५० मायक्रोमीटरचे असतात. त्यामुळे मळ निघतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि धरायला जास्त जागा मिळते.

आता मोजमापाविषयी. चांगला जोड २० मेगापास्कल ताण सहज सोसतो, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे २०० किलोग्रॅमचा भार. आकडा ऐकून छाती फुगते. पण हा बहुधा पहिल्या दिवसाचा आकडा असतो, आणि पहिल्या दिवशी जवळजवळ सगळीच सिमेंटे उत्तीर्ण होतात. तोंडात मात्र रात्रंदिवस ओलावा असतो. पाणी हळूहळू जोडाच्या फटीत शिरते आणि बंध तोडत जाते. शिवाय गरम चहा आणि बर्फाचा गोळा आहेच. धातू, सिमेंट आणि दात उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून प्रत्येक घोटाला जोडावर ताण येतो. यासाठी नमुने ५ अंश आणि ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आलटून पालटून हजारो वेळा बुडवतात आणि मग ओढून पाहतात. कोऱ्या सोन्यावरचे जोड अशा वेळी उघडे पडतात. जाहिरातीत पहिल्या दिवसाचाच आकडा असेल तर तो आम्ही विचारात घेत नाही.

कॅप निघून हातात आली, यात आमच्या स्नेह्यांचे नशीबच म्हणायचे. जोड अर्धवट सुटला आणि कॅप जागेवर राहिली तर आत लाळ आणि जंतू शिरतात, दाढ आतल्या आत किडते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. पडलेला दात भरून काढण्यासाठी शेजारच्या दातांच्या मागे धातूचे पंख चिकटवतात, त्यात हा धोका स्पष्ट दिसतो. दोन बाजूंच्या दातांना चिकटवलेल्या दोन पंखांपेक्षा पुढच्या दातांत एकाच पंखाची रचना अधिक टिकते असे आढळले आहे. दोन दात चावताना वेगवेगळे हलतात आणि मधला पूल एका बाजूने सुटतो, पण दुसऱ्या बाजूने लटकून राहतो. एकच पंख असेल तर तो सुटताच कळते.

वर्गात करून पाहण्यासारखे एक काम आहे. स्टीलच्या चार पट्ट्या घ्या. दोन पॉलिश कागदाने घासून साबणाने धुवा आणि कोरड्या करा. उरलेल्या दोन पट्ट्यांना तेलकट बोट लावा. चारही पट्ट्यांवर एम-सीलची सारखीच गोळी दाबून बसवा. प्रत्येक जोडीतील एक पट्टी महिनाभर पाण्यात ठेवा, दुसरी कोरडी. नंतर गोळ्या उपटून पाहा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक गोळी नेमकी कुठून सुटली, पट्टीवर काही उरले का, याची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्या.

आमच्या स्नेह्यांच्या दाढेचा खुंट आखूड निघाला. डॉक्टरांनी कॅप आतून कणांच्या माऱ्याने खरबरीत केली, गंधकाचा द्रव लावला आणि रेझिन सिमेंटने ती पुन्हा बसवली. त्यांनी निकेल-क्रोमियमच्या कॅपलाही हात लावून पाहिला. ती जराही हलली नाही.