सांडपाण्यापासून हायड्रोजन वायू

दूध डेअरीच्या धुण्याचे पाणी, कारखान्याचे मळीमिश्रित पाणी, बाजारातला सडका भाजीपाला ओढ्यात उतरला की शेजारच्या विहिरी नासतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. परंतु ही घाण म्हणजे वाया गेलेले अन्नच होय. तिच्यात साखर व पिष्ट शिल्लक असते आणि त्यापासून इंधन मिळू शकते.

गोबर गॅस आपल्या परिचयाचा आहे. त्याच्या हवाबंद टाकीत जंतूंच्या दोन टोळ्या काम करतात. पहिली टोळी साखर फोडून आंबट द्रव्ये, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन तयार करते. दुसरी टोळी ते खाऊन मिथेन बनविते. तोच आपल्या चुलीत जळतो. म्हणजे हायड्रोजन प्रत्येक टाकीत रोज तयार होतो, पण बाहेर पडण्याआधीच खाल्ला जातो.

दुसऱ्या टोळीला रोखले तर हायड्रोजन हाती लागतो. त्यासाठी टाकीत घालावयाचे विरजण आधी तापवितात. पहिल्या टोळीतले काही जंतू कठीण कवचात टिकून राहतात, दुसरी टोळी मरते. शिवाय टाकीतले पाणी किंचित आंबट ठेवतात. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. एस. वेंकट मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली डेअरीच्या सांडपाण्यावर असे प्रयोग प्रसिद्ध केले. वायू मिळाला आणि पाण्यातील घाणही कमी झाली.

हायड्रोजन जळला की फक्त पाणी उरते, धूर होत नाही. मग तो घरोघरी का नाही? एक तर साखरेतील बरीचशी शक्ती आंबट द्रव्यांतच अडकून राहते; ते पाणी दुसऱ्या टाकीत घालून त्याचा मिथेन करावा लागतो. दुसरे, हा वायू फार हलका. १ किलो वायूला साध्या दाबाने सुमारे १२,००० लिटर जागा लागते. तिसरे, हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगीने स्फोट होतो. म्हणून घरी हा प्रयोग कोणीही करू नये.

मिथेनचा मार्ग मात्र आजच खुला आहे. याच संस्थेच्या तंत्राने हैदराबादच्या बोवेनपल्ली भाजी बाजारात उभारलेल्या संयंत्रात २०२१ साली रोज सुमारे १० टन कचऱ्यापासून ५०० युनिट वीज तयार होत होती.

आम्ही वाचकांना एवढेच सुचवितो:

१. गोबर गॅसमध्ये भाजीपाला घालायचा तर बारीक चिरून, थोडा थोडा घालावा. एकदम घातल्यास पहिली टोळी पुढे धावते, टाकी आंबते व गॅस बंद पडतो. तसे झाल्यास काही दिवस भरणा थांबवून मग फक्त शेणकाला द्यावा.

२. बाहेर पडणारी मळी शेतात घालावी. ते उत्तम खत आहे. टाकीत मात्र कधीही उतरू नये. आतल्या वायूने माणूस गुदमरून मरतो.

३. हायड्रोजनचे घरगुती संयंत्र विकणारा कोणी आला, तर चालू असलेले संयंत्र पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

४. गावच्या डेअरीचे वा कारखान्याचे पाणी कोठे जाते, हे ग्रामसभेत विचारावे.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले. चमत्कार करणाऱ्यालाही उरलेले अन्न वाया गेलेले चालले नाही. मग आपण ते शेजाऱ्याच्या विहिरीत कसे जाऊ द्यावे?