शंकर लक्ष्मण : हॉकीचा राखणदार

बोईसर स्टेशनावर उतरून समुद्राच्या रोखाने गेले म्हणजे तारापूरचा जुना किल्ला लागतो. पोर्तुगीजांच्या ताब्यातील हा किल्ला १७३९ साली मराठ्यांनी जिंकला, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांतून आढळते. परंतु त्यापूर्वी ज्या असंख्य रात्री तटावरचा पहारेकरी डोळ्यांत तेल घालून जागा राहिला आणि किल्ला शाबूत राहिला, त्या रात्रींची नोंद कोणी ठेवली आहे काय? राखणदाराचे दैवच असे आहे. किल्ला पडला तो दिवस सर्वांच्या ध्यानात राहतो. तो पडला नाही ते दिवस कोणी मोजीत नाही.

क्रीडांगणावरही असाच एक राखणदार असतो. हॉकीच्या सामन्यात त्याला गोलरक्षक म्हणतात. त्याच्या पाठीशी १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच असा दरवाजा सताड उघडा असतो. समोरून येणारा चेंडू वजनाने जेमतेम साडेपाच औंसांचा. पण तो दगडासारखा कठीण असतो. इतर खेळाडूंनी चेंडूला पाय लावणे हा नियमभंग होय. गोलरक्षकाला मात्र आपल्या वर्तुळात पायाने, हाताने, अंगाने, जसे जमेल तसे त्याला अडविण्याची मुभा आहे. आजचा गोलरक्षक शिरस्त्राण व जाड पॅड चढवून एखाद्या चिलखती योद्ध्याप्रमाणे उभा राहतो. पूर्वी शिरस्त्राण नव्हते आणि मैदान गवताचे असे. चेंडू एखाद्या उंचवट्यावर आदळून केव्हा तोंडावर उसळेल याचा भरवसा नसे. ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदान आले ते १९७६ साली.

या कठीण जागी उभे राहून नाव मिळविणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. नागपुरास १९०२ साली जन्मलेले रिचर्ड अ‍ॅलन हे १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताचे गोलरक्षक होते. त्या स्पर्धेत भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि आपल्यावर एकही होऊ दिला नाही. परंतु त्या काळी प्रतिपक्ष दुबळे असत. चेंडू भारताच्या गोलापर्यंत क्वचितच येई. गोलरक्षकाची खरी कसोटी पुढे लागली, आणि ती ज्यांच्या वाट्याला आली ते शंकर लक्ष्मण होत.

शंकर लक्ष्मण यांचा जन्म १९३३ साली इंदूरजवळच्या महू या लष्करी छावणीच्या परिसरात झाला. प्रथम त्यांना फुटबॉलचा नाद होता. १९४७ साली, वयाची चौदा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, ते सैन्याच्या बँडपथकात दाखल झाले. पुढे त्यांची सारी नोकरी ज्या पलटणीशी जोडली गेली, ती मराठा लाइट इन्फन्ट्री. कोकणातून आणि देशावरून पिढ्यान्‌पिढ्या मुले जिच्यात भरती होत आली, त्या पलटणीचा हा वादक पाहता पाहता देशाच्या गोलासमोर जाऊन उभा राहिला.

त्यांच्या वाट्याला ऑलिंपिकचे तीन अंतिम सामने आले. तिन्ही पाकिस्तानशी झाले, आणि तिन्हींचा निकाल एकाच गोलाने लागला.

पहिला सामना मेलबोर्नचा, डिसेंबर १९५६ मधला. अगोदरच्या फेरीत जर्मनीला भारताने १-० असे कसेबसे मागे सारले होते. अंतिम सामन्यात रणधीरसिंग जेंटल यांनी भारताचा एकमेव गोल केला आणि तेवढ्यावर सुवर्णपदक मिळाले. आघाडी एकाच गोलाची असली म्हणजे गोलरक्षकाचे प्रत्येक क्षणी काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढच्या फळीतल्या खेळाडूची एक संधी हुकली तर दुसरी येते. गोलरक्षकाची एक चूक झाली की ती फलकावर चढते. त्या साऱ्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही.

दुसरा सामना रोमचा, सप्टेंबर १९६० मधला. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तोच पाकिस्तानच्या नसीर अहमद यांनी गोल केला. उरलेला सारा वेळ भारताने धडपड केली; पण त्या गोलाची परतफेड झाली नाही. १९२८ पासून ऑलिंपिकमध्ये भारत एकही सामना हरला नव्हता; सलग सहा सुवर्णपदकांची ती मालिका त्या दिवशी तुटली. हरले सारे अकराजण. परंतु चेंडू ज्याच्या जवळून गेला त्याच्या मनाला तो सल अधिक बोचला असेल, यात नवल नाही.

तिसरा सामना टोकियोचा, दिनांक २३ ऑक्टोबर १९६४ चा. या वेळी मोहिंदर लाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल करून भारताला पुढे नेले. मग पाकिस्तानने हल्ल्यावर हल्ले चढविले. लक्ष्मण यांनी एकही चेंडू आत जाऊ दिला नाही, आणि रोमला गेलेले सुवर्णपदक परत आले. गोल मोहिंदर लाल यांचा. पण तो अखेरपर्यंत पुरला तो लक्ष्मण यांच्या राखणीमुळे. तीन अंतिम सामने आणि त्यांत मिळून त्यांच्यावर झालेला गोल एक!

एका गोलाचे हे मोल केवळ आपल्याच हॉकीपुरते आहे असे नव्हे. युरोप-अमेरिकेत बर्फावर हॉकी खेळतात. तेथे चेंडूऐवजी रबराची कठीण चकती असते आणि गोल ६ फूट रुंद व ४ फूट उंच असतो. चेक देशाचे विख्यात गोलरक्षक डॉमिनिक हाशेक यांनी १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात बरोबरी सुटावी म्हणून कॅनडाने घेतलेले पाचही फटके अडविले. अंतिम सामन्यात त्यांच्या देशाने रशियाला हरविले, तेही १-० असेच. खेळ निराळा, देश निराळा. राखणदाराचा धर्म मात्र एकच.

लक्ष्मण यांचा गौरव झाला नाही असे नाही. १९६४ साली अर्जुन पुरस्कार आणि १९६७ साली पद्मश्री त्यांना लाभली. गोलरक्षकाने भारतीय संघाचे कर्णधारपद भूषविण्याचा प्रसंगही त्यांच्यामुळेच प्रथम आला. त्यांच्या नेतृत्वाखाली १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानला, पुन्हा एकाच गोलाने, हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी मात्र त्यांची निवड झाली नाही. त्यांनी हॉकीचा निरोप घेतला आणि १९७९ साली कॅप्टन या हुद्द्यावरून ते सैन्यातून निवृत्त झाले.

त्यानंतर जगाला त्यांचा विसर पडला. उतारवयात त्यांच्या पायाला गँगरीन झाले आणि हलाखीत दिवस काढून २००६ च्या एप्रिलमध्ये महू येथे त्यांचे निधन झाले. ज्या पायांनी देशाची लाज राखली, ते पाय राखण्यास देश वेळेवर धावला नाही.

गोल करणाऱ्याचा जयजयकार अवश्य व्हावा. परंतु सामना संपल्यावर जो गोल झाला नाही त्याचाही हिशेब मांडण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आणि तो हिशेब राखणदार जिवंत असतानाच मांडावा.