बर्फाचा टायर, चिखलाचा टायर

२३ मे २०१३ रोजी नागपूरला ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. त्याच शहरात २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा ३.५ अंशांवर उतरला. हे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि विसरून जातो. दाराशी उभ्या असलेल्या मोटारीच्या टायरांना मात्र ते विसरता येत नाहीत. ४४ अंशांचा हा फरक त्याच रबराने सोसायचा असतो, आणि मध्ये पावसाळ्याचे चार महिने काळ्या मातीचा चिखल असतोच.

विदर्भात अलीकडे उंच, जीपसारख्या मोटारी खूप दिसू लागल्या आहेत. टायर बदलायला दुकानात गेले, की दुकानदार दोन-तीन प्रकार पुढे ठेवतो. एक साधा, सडकेचा. दुसरा खडबडीत नक्षीचा, त्याला ‘ऑल टेरेन’ म्हणतात. तिसरा त्याहून दांडगा, ‘मड टेरेन’. काही टायरांच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी छोटी खूणही असते. पाहणाऱ्याला वाटते, जो बर्फात चालतो तो कुठेही चालेल. हे खरे आहे का, ते तपासून पाहू या.

थंडीने रबराचे काय होते?

रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा गुंता. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली त्यात गंधक मिसळून ते तापवले, तेव्हा या साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधल्या गेल्या आणि रबर वापरण्याजोगे झाले. पण थंडीने कडक होण्याचा त्याचा स्वभाव पूर्णपणे गेला नाही. तापमान उतरले की रेणूंची हालचाल मंदावते. मग दाबलेले रबर पटकन पूर्ववत होत नाही.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी समितीतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सर्वांसमक्ष रबरी कड्याचा एक तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सैल केला, तरी तुकडा लगेच मूळ आकारात आला नाही. अग्निबाणाच्या सांध्यातली रबरी कडी थंडीने अशीच निर्जीव झाली होती आणि त्या फटीतून तप्त वायू बाहेर पडला होता.

टायराची सडकेवरची पकड याच गुणावर अवलंबून असते. सडक डोळ्यांना सपाट दिसली, तरी तिच्यावर असंख्य बारीक खडे-खळगे असतात. मऊ रबर त्यांत शिरते, बाहेर येते, पुन्हा शिरते. साध्या टायराचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली हे काम नीट करीनासे होते. म्हणून थंड देशांत हिवाळ्यासाठी वेगळे टायर असतात. त्यांच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबराचे प्रमाण जास्त ठेवून ते थंडीतही मऊ राहील असे करतात. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्चपर्यंत असे टायर लावणे कायद्यानेच सक्तीचे आहे. तिकडे कोणी मामा किंवा आत्या राहत असतील तर त्यांना विचारून पाहा. मोटारीच्या टायरांचे दोन संच आणि उन्हाळ्यात एक संच तळघरात, अशी त्यांच्याकडची व्यवस्था असते.

नागपुरात ७ अंशांखालच्या पहाटा वर्षातून थोड्याच, आणि दहा वाजेपर्यंत ऊन पडलेले असते. हिवाळी टायर येथे मे महिन्यात लावला, तर तापलेल्या डांबरावर तो इतका मऊ पडेल की भराभर झिजेल, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायलाही जास्त अंतर घेईल.

भरलेली खाच: कुठे मित्र, कुठे शत्रू

आता नक्षीकडे वळू. या विषयातली मला सर्वांत गमतीची वाटणारी गोष्ट येथेच आहे.

बर्फाचा गोळा करताना काय होते? भुसभुशीत हिम हातात दाबले की ते घट्ट होते, आणि त्याला आणखी हिम चिकटते. रबरापेक्षा हिम हिमाला चांगले धरते. म्हणून हिवाळी टायराच्या खाचा हिम पकडून ठेवतील अशा बनवतात. खाचांत हिम गच्च भरते आणि ते खालच्या हिमाला धरून चाक पुढे नेते. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. चाक टेकले की त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा हिमाला ओरखडत जातात. म्हणजे येथे खाच भरणे फायद्याचे.

आपल्या काळ्या मातीत नेमके उलटे घडते. विदर्भाच्या पश्चिम भागातली ही माती दख्खनच्या लाव्हाच्या खडकापासून, म्हणजे काळ्या बेसाल्टपासून झालेली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. त्याचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात. पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी गेले, की शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. (मातीचा देशभर अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय नागपुरातच अमरावती रस्त्यावर आहे.) फुगलेली ओली माती गुळगुळीत असते आणि चिकटही. जुलैत पांदण रस्त्याने शेतावर गेलेल्या कोणालाही हे सांगायला नको. दहा पावलांत चपलेचे वजन दुप्पट होते.

ही माती टायराच्या खाचांत बसली, की निघत नाही. पाचपन्नास मीटरांत सगळी नक्षी बुजून चाक काळ्या गुळगुळीत लाडवासारखे होते आणि जागच्या जागी फिरू लागते. हिमाने भरलेली खाच हिमाला धरते. मातीने भरलेली खाच ओल्या मातीवर नुसती घसरते. म्हणून चिखलाच्या टायराचे ठोकळे मोठे आणि एकमेकांपासून दूर ठेवतात. चाक फिरले की त्या रुंद फटींतून माती झटकली जावी, हा हेतू. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरावरचे तिरपे उंच पट्टे पाहा. त्यांच्यातली जागा एवढी मोकळी असते, ती याचसाठी. पूर्वेला भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत चिखलणी करताना तर ट्रॅक्टरला लोखंडी जाळीची चाके लावतात. माती अडकायला तेथे जागाच नाही.

जुन्या बंडीचे चाकही विचार करण्याजोगे आहे. लाकडी आरे, मधला तुंबा, बाहेरून लोखंडी धाव. अरुंद धाव चिखलात खोल शिरे, पण ती खालच्या घट्ट थराला टेके, आणि चाक उंच असल्यामुळे आस चिखलाच्या वरच राही. रबरी टायरची बंडी सडकेवर बैलांना हलकी जाते, हे मात्र निर्विवाद.

मग ‘ऑल टेरेन’ टायर म्हणजे काय? ही एक तडजोड आहे. ठोकळे चिखलाच्या टायराएवढे विरळ नाहीत, सडकेच्या टायराएवढे दाट नाहीत. मुरूम, खडी, ताडोबाकडच्या जंगलवाटा, यांसाठी तो उत्तम. त्याच्या कडाही जाड असतात, त्यामुळे अणकुचीदार दगडाने सहसा फाटत नाहीत. पण खऱ्या काळ्या चिखलात त्याच्याही खाचा बुजतात, आणि ओल्या सडकेवर ब्रेक दाबला तर तो साध्या टायरापेक्षा बहुधा उशिरा थांबतो. आवाज जास्त, इंधनही थोडे जास्त. ज्याची मोटार महिन्याचे अठ्ठावीस दिवस सीताबर्डी ते हिंगणा अशीच धावते, त्याने केवळ ऐटीसाठी हा टायर घ्यावा असे मला वाटत नाही.

हवेचा हिशेब

टायर कोणताही असो, गाडीचे वजन उचलते ती आतली हवा. माणसांसह १,८४० किलोग्रॅम वजनाची मोटार घ्या. प्रत्येक चाकावर ४६० किलोग्रॅम भार आला. हवेचा दाब दर चौरस इंचाला ३३ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोग्रॅम. भागाकार करा: जमिनीला टेकलेला भाग सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. वहीच्या अर्ध्या पानापेक्षा थोडा लहान! अशा चार तुकड्यांवर सारे कुटुंब बसलेले असते. दाब निम्मा केला, तर हा तुकडा जवळजवळ दुप्पट होतो. चिखलात किंवा वाळूत फसलेली गाडी काढताना जाणते चालक थोडी हवा सोडतात, त्याचे कारण हेच. सडकेवर येताच ती पुन्हा भरावी लागते.

पाण्यात उलटा हिशेब असतो. नागपूरला वर्षाकाठी सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. सडकेवर खाचांच्या खोलीपेक्षा जास्त पाणी साचले आणि वेग वाढला, की पाण्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. पाण्याची पाचर चाकाखाली शिरते आणि गाडी तरंगू लागते. मग सुकाणूही नाही आणि ब्रेकही नाही. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून यासाठी एक सोपे सूत्र काढले. पौंडांतल्या दाबाचे वर्गमूळ घ्या आणि १६.७ ने गुणा. तो झाला तरंगण्याचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये. दाब ३६ असेल तर वर्गमूळ ६ आणि वेग सुमारे १००. दाब २५ वर उतरला तर वर्गमूळ ५ आणि वेग सुमारे ८३. हवा कमी, तर धोका लवकर.

आता उन्हाळा. ‘उन्हात हवा फुगते, म्हणून टायरात कमीच भरा’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. त्यातला अर्धा भाग खरा आहे. २५ अंशांना ३३ पौंड हवा भरली आणि धावून टायर ७० अंशांपर्यंत तापला, तर वायूच्या नियमाप्रमाणे दाब सुमारे ४० होतो. (गणित करताना वातावरणाचे १४.७ पौंड मिळवायला आणि तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायला विसरू नका.) पण एवढी वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. खरा शत्रू आहे वाकणे. कमी हवेच्या टायराची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि सुटते. दबताना दिलेली सगळी ऊर्जा रबर परत करीत नाही. काही उष्णतेच्या रूपाने आतच राहते. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती गरम होते, तसेच हे. टायर तापतो, आतले थर सुटू लागतात आणि तो फुटतो.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटर वेगाची मर्यादा आहे. सुरुवातीच्या महिन्यांत टायर फुटून अनेक अपघात झाले, तेव्हा २०२३ साली परिवहन विभागाने येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला आणि झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. ताशी १२० च्या वेगाला टायराचा प्रत्येक भाग सेकंदाला सुमारे १५ वेळा दबतो, आणि हे तासन्‌तास, भर उन्हात. ‘नायट्रोजन भरला आहे, आता चिंता नाही’ असेही काही जण म्हणतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. वायूचा नियम दोघांना सारखाच लागू आहे.

मनालीला निघालेल्यांसाठी

नागपूरहून काही कुटुंबे हिवाळ्यात मोटारीने हिमाचल प्रदेशात जातात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुमारे ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीपलीकडच्या लाहौलमध्येही जाता येते. येथे नागपुरी टायराची परीक्षा होते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या सडकेवर ब्रेक दाबल्यावर सुमारे ९ मीटरांत थांबते. घट्ट झालेल्या हिमावर तिला ३० मीटरांहून जास्त लागतात आणि निव्वळ बर्फावर सुमारे ६० मीटर. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी निघताना अडखळत नाही, पण थांबताना या जोराचा काही उपयोग नाही, कारण ब्रेक सगळ्याच मोटारींना चारही चाकांवर असतात. दोन-चार दिवसांसाठी हिवाळी टायर विकत घेणे परवडणारे नाही. तेथे चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात आणि गाडी अगदी सावकाश नेतात. बर्फ संपताच त्या काढाव्या लागतात, नाहीतर सडक आणि टायर दोन्ही खराब होतात.

टायर निवडताना कडेवरची अक्षरे वाचता आली पाहिजेत. ‘२१५/६० आर १७ ९६ एच’ असे लिहिले असेल, तर रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के, ‘आर’ म्हणजे आतले धागे त्रिज्येच्या दिशेने, आणि रिम १७ इंची. ९६ हा भाराचा अंक, म्हणजे चाकामागे ७१० किलोग्रॅम. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. दांडग्या चिखलाच्या टायरांवर येथे बहुधा ‘क्यू’ दिसतो. त्याची मर्यादा १६० आहे. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की १.६ मिलिमीटर उरली असे समजावे, आणि मोटारीचा असा टायर कायद्यानेही चालत नाही. आणखी एका चौकटीत चार अंक असतात. ‘४२२३’ म्हणजे २०२३ सालच्या बेचाळिसाव्या आठवड्यात बनलेला.

शिक्षकांनी शाळेच्या आवारातल्या गाड्यांवरचे हे आकडे मुलांकडून वहीत उतरवून घ्यावेत. त्यांवरून चाकाचा व्यास काढा, मग परीघ, आणि नागपूरहून मुंबईला पोहोचेपर्यंत ते चाक किती फेरे घेईल ते मोजा. वर दिलेल्या टायराचे उत्तर ३ लाख २३ हजारांच्या आसपास यायला हवे.