जमिनीवरून घोडा शिकवताना

घोड्याच्या पाठीवर न बसता, त्याच्या शेजारी, समोर किंवा मागे उभे राहून त्याला शिकवणे म्हणजे जमिनीवरचे काम. कोवळ्या घोड्यावर पहिले खोगीर चढण्याआधी ते करावेच लागते. घोडा शिकून तयार झाला की बहुतेक ठिकाणी ते मागे पडते. पडून दुखापत झालेल्या स्वाराला मात्र पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागते.

घोड्यावरून पडताना माणूस हात टेकतो किंवा थेट खांद्यावर आदळतो. म्हणून मनगट आणि कॉलरबोन ही स्वारांची नेहमी मोडणारी हाडे. प्रौढ माणसाचे कॉलरबोन जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात आणि खांद्यात पूर्वीची ताकद यायला त्याहून अधिक. इतके दिवस घोडा तबेल्यात बांधून ठेवणे त्याच्या पायांना, पचनाला आणि स्वभावालाही मानवत नाही.

हात झोळीत आहे तोवर घोडा मोतद्दारानेच फिरवावा आणि स्वाराने कुंपणाबाहेरून पाहावे. पाठीवर बसून जे कधीच दिसत नाही ते इथे दिसते: मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापर्यंत पोहोचतो की अलीकडेच पडतो, वळताना कोणत्या बाजूला मान ताठ राहते, कोणत्या आवाजाला कान फिरतात. झोळी काढल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिली की, प्रत्यक्ष काम सुरू करता येते. तेही शांत, ओळखीच्या घोड्यासोबत आणि दुसरे माणूस हाकेच्या अंतरावर असताना. जमिनीवर उभा असलेला माणूस सुरक्षित असतो, हा समज धोक्याचा आहे. लाथ आणि धक्का तिथेच बसतो. हेल्मेट, हातमोजे आणि जाड बूट जमिनीवरही हवेत. कुबडी घेऊन तबेल्याच्या बंद खणात शिरू नये. मोकळ्या जागेतही ती घोड्याला आधी हुंगू द्यावी, कारण त्याच्या लेखी ती एक काठीच असते.

दोर धरण्याची रीत इथे नव्याने ठरवावी लागते. घोडा डाव्या बाजूने धरण्याची परंपरा आहे. त्यात मोरखीजवळचा दोर उजव्या हातात येतो. उजवा खांदा दुखावला असेल, तर घोड्याने नुसती मान झटकली तरी जुळत आलेले हाड हलू शकते. मग घोड्याच्या उजव्या बाजूला उभे राहून डाव्या हाताने दोर धरावा. कायम एकाच बाजूने हाताळलेला घोडा सुरुवातीला गोंधळतो, थांबतो, उलटा वळून माणसाला आपल्या डाव्या बाजूला घेऊ पाहतो. ही सवय मोडणे स्वार धडधाकट असतानाही गरजेचे असते, पण सहसा कोणी मनावर घेत नाही. कोणत्याही हातात असो, दोर मनगटाला किंवा पंजाला कधीही गुंडाळू नये. उरलेल्या दोराच्या घड्या करून त्या मुठीत धराव्यात.

घोड्याचे वजन सुमारे ४०० ते ५०० किलो. तो ओढून थांबवणे धडधाकट माणसालाही जमत नाही, मात्र अंगात बळ असले की ओढण्याचा मोह होतो. जखमी माणसाला तो मोह परवडत नाही, आणि त्यामुळेच त्याच्या हातून शिकवणी अधिक चांगली होते. घोडा शिकतो तो दाब सुटताना. दाब पडतो तेव्हा त्याला फक्त प्रश्न समजतो, उत्तर बरोबर आल्याचे समजते ते दाब सुटल्यावर. ती सूट क्षणभरही उशिरा मिळाली, तर तिचा संबंध घोडा भलत्याच हालचालीशी जोडतो.

मागे सरकवण्याच्या धड्यात हे स्पष्ट दिसते. घोड्याच्या अगदी समोर उभे राहू नये, किंचित बाजूला राहावे. कपाळासमोरचा थोडा भाग आणि थेट पाठीमागचा भाग त्याला दिसत नाही. दोन बोटांनी दोर त्याच्या छातीच्या दिशेने हलका दाबावा आणि थांबावे. घोडा आधी मान वर करेल, नाक बाजूला काढेल. दाब वाढवायचा नाही, सोडायचाही नाही. मग छातीचे स्नायू हलतात, पुढच्या पायांवरचा भार किंचित मागे जातो. पाऊल अजून उचललेले नसते. तरी बोटे त्याच क्षणी सैल सोडायची. पाऊल पुढच्या वेळी येते. नीट सरकणारा घोडा तिरप्या जोडीने पावले उचलतो, पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र. पाय फरफटू लागले तर घाई झाली असे समजावे.

दुसरा धडा मागचा भाग बाजूला हलवण्याचा. खांद्याजवळ उभे राहून, खोगिरावर असताना स्वाराची पोटरी जिथे लागते तिथे बोटांनी स्पर्श करायचा. माणसाच्या बाजूचा मागचा पाय दुसऱ्या पायापुढून ओलांडून पडला, की स्पर्श काढून घ्यायचा. पुढे पाठीवर बसल्यावर तीच जागा तोच अर्थ सांगते, म्हणून जागा बदलू नये.

घोडा स्वाराविना गोल धावतो हे दृश्य वारीतल्या रिंगणामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. तिथे महत्त्व धावण्याला असते. शिकवताना मात्र वेग कमी करणे, चालीतून दुडकीत आणि दुडकीतून पुन्हा चालीत येणे, शब्दावर थांबणे, यांना जास्त किंमत असते. लांब दोरावर घोडा फिरवणे, म्हणजे लंजिंग, खांद्याच्या दुखापतीत टाळलेले बरे; बुजलेला घोडा सुसाट सुटला की सगळा झटका हातावर येतो. त्यापेक्षा सुमारे १८ मीटर व्यासाच्या गोल कुंपणात त्याला मोकळा सोडावा आणि आवाज, उभे राहण्याची जागा व खांद्यांची दिशा एवढ्यावर काम करावे. फार लहान वर्तुळ सांध्यांवर आणि शिरांवर ताण आणते. दिशा वारंवार बदलावी, आणि हे काम पंधरा-वीस मिनिटांपलीकडे नेऊ नये.

मागून दोन लांब दोरांनी घोडा चालवण्याचे काम दोन्ही हात पूर्ण बरे झाल्यावरच करावे. पाठीवर न बसता घोडा तयार करण्याची ही विद्या जुनी आहे. फ्रान्समध्ये तेराव्या लुईला घोडेस्वारी शिकवणारा प्लुविनेल घोड्यांना दोन खांबांमध्ये बांधून, पाठीवर कोणी नसताना तयार करत असे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये लांब दोरांवरचे काम आजही प्रेक्षकांसमोर केले जाते.

पुन्हा स्वार होण्याआधीचा शेवटचा धडा चढण्याच्या ओट्याचा. बऱ्या झालेल्या खांद्याने जमिनीवरून उडी मारून चढू नये. त्यात खोगिरावर आणि घोड्याच्या पाठीवरही एकतर्फी ताण येतो. घोड्याला ओट्याशेजारी आणावे, उभा राहिला की दोर सैल सोडावा. माणूस ओट्यावर चढला, खोगिरावर थोपटले, रिकीब खाली खेचली, तरी त्याने जागचे हलू नये. हलला तर रागावण्याची गरज नाही; गोल फिरवून पुन्हा तिथेच आणावे. तो न सांगता उभा राहू लागला, की आधी दुसऱ्या हलक्या स्वाराने बसून पाहावे. त्यानंतर मूळ स्वाराने बंद रिंगणात, दोर मोतद्दाराच्या हाती देऊन, फक्त साध्या चालीवर बसावे आणि जमिनीवर वापरलेलेच शब्द वापरावेत.